उपचार संपले, थकवा का संपत नाही?

प्रश्न : माझं वय ४७. दीड वर्षापूर्वी मला स्तनाचा कॅन्सर असल्याचं निदान झालं. आधी ऑपरेशन, मग केमोथेरपी, मग रेडिएशन, असं सगळं पार पडलं. आता फक्त रोजची हार्मोनची गोळी सुरू आहे. रेडिएशन संपून सात महिने झाले. मागच्या तपासणीला डॉक्टर म्हणाले, "रिपोर्ट उत्तम आहेत, आता नेहमीसारखं राहा." घरचे सगळे खूश झाले. मी मात्र घरी येऊन जी आडवी झाले, ती संध्याकाळपर्यंत उठले नाही.

केस परत आलेत, चेहराही भरलाय, त्यामुळे बघणाऱ्याला मी ठणठणीत वाटते. पण आंघोळ करून बाहेर आले की पलंगाच्या कडेवर बसून राहावं लागतं. ओले केस पुसायला हात वर जात नाहीत. आठ-नऊ तास झोपले तरी उठते ती दमलेलीच. ऑफिसला अर्धा दिवस जाते, काम हिशेबाचं आहे. एकच ओळ तीन-तीनदा वाचावी लागते. मधूनच एखाद्या दिवशी बरं वाटतं. मग राहिलेली सगळी कामं उरकून टाकते आणि पुढचे दोन दिवस अंथरुणातून उठवत नाही. नवरा खूप चांगला आहे, उपचारांत त्याने काही कमी केलं नाही. पण परवा म्हणाला, "जरा मनावर घे, बाहेर पड, म्हणजे बरं वाटेल." त्याचा राग आला आणि मग वाटलं, खरंच मी आळशी झाले का? की दुखणं परत येतंय? डॉक्टरांना हे काहीच सांगितलेलं नाही. त्यांनी जीव वाचवला, आता थकवा येतो म्हणून त्यांच्याकडे काय रडत बसायचं?

उत्तर :

ताई,

तुम्ही आळशी झालेल्या नाहीत. आळस असलेल्या माणसाला काम टाळायचं असतं. तुम्हाला ते करायचं आहे, इतकं करायचं आहे की जरा बरं वाटलं की तुम्ही सगळं एका दिवसात उरकायला जाता. शरीर साथ देत नाही, एवढंच झालं आहे, आणि त्याला कारणं आहेत.

दुखणं परत येतंय का, याचं उत्तर पत्र वाचून मला देता येणार नाही, देऊही नये. पण एवढं खात्रीने सांगते की कॅन्सरच्या उपचारांतून गेलेल्या माणसांच्या तक्रारींमध्ये थकवा ही अगदी वरच्या क्रमांकाची तक्रार आहे. उपचार संपल्यावर कित्येक महिने तो राहतो, काहींना वर्षाहूनही अधिक. नुसता थकवा म्हणजे आजार उलटला, असं बहुतेक वेळा नसतं. तरीही ही शंका मनात घेऊन तुम्ही रोज झोपत असाल, तर तेवढ्या एका कारणासाठीही पुढच्या ठरलेल्या तपासणीची वाट पाहू नका. आधीची वेळ मागून घ्या.

"रिपोर्ट उत्तम आहेत" या वाक्याने तुमचा घोळ झाला आहे, आणि घरच्यांचाही. डॉक्टरांनी जे तपासलं ते असं, की कॅन्सरच्या खुणा कुठे दिसतात का. त्या दिसल्या नाहीत, ही मोठी आनंदाची गोष्ट आहे. पण तुमच्या अंगात ताकद किती आहे, झोप लागते का, लक्ष टिकतं का, हे त्या रिपोर्टमध्ये कुठेच नव्हतं. म्हणजे रिपोर्टही खरा आहे आणि तुमचा थकवाही खरा आहे.

आता कारणांकडे वळू. केमोची औषधं झपाट्याने वाढणाऱ्या पेशींवर घाला घालतात. त्यात कॅन्सरच्या पेशी येतात, तशाच अस्थिमज्जेतल्या, म्हणजे रक्त जिथे तयार होतं तिथल्या पेशीही येतात. तांबड्या रक्तपेशीचं आयुष्य साधारण १२० दिवसांचं. तो साठा खालावला की भरून यायला वेळ लागतो, आणि लोह किंवा बी १२ कमी असेल तर तो नीट भरतच नाही. रेडिएशनचा थकवा साचत जातो. शेवटच्या आठवड्यांत तो सर्वांत जास्त असतो आणि उपचार थांबल्यावरही काही आठवडे मागे राहतो. या सगळ्या काळात हालचाल कमी झाल्याने स्नायू झडतात, मग तेच काम करायला पूर्वीपेक्षा जास्त जोर लागतो. केमोने पाळी अचानक थांबलेली असू शकते, हार्मोनच्या गोळीने अंगातून गरम वाफा येतात, रात्री घामाने जाग येते. तुम्ही आठ तास अंथरुणात असता, पण त्यातली सलग झोप किती, हे मोजून पाहण्यासारखं आहे. आणि दीड वर्ष जिवाची जी धास्ती होती, तिनेही शरीर झिजतं. हे सगळं एकाच माणसावर, एकामागून एक आलं आहे. सात महिने ही त्या मानाने फार मोठी मुदत नाही.

या थकव्याची ओळख हीच, की केलेल्या कामाच्या मानाने तो फारच जास्त असतो आणि झोपून उठल्यावर उतरत नाही. दिवसभर राबून आलेला शीण रात्रीच्या झोपेने जातो. म्हणून "जरा विश्रांती घे" हा सल्ला इथे अपुरा पडतो, आणि "जरा मनावर घे" हा तर चुकीचाच. पाय प्लॅस्टरमध्ये असता तर तुम्हाला कोणी जिना चढायला सांगितलं नसतं. तुमचं दुखणं दिसत नाही, म्हणून सगळे सांगतात.

डॉक्टरांना काय सांगायचं

पत्रातलं शेवटचं वाक्य वाचून मला खरंच वाईट वाटलं. डॉक्टरांचे उपकार मानणं आणि त्यांच्याकडे तक्रार करणं यांत काहीच विरोध नाही. थकवा हा उपचारांचाच परिणाम आहे, त्यामुळे त्याची दखल घेणं हेही त्यांचंच काम आहे. तुम्ही सांगितलं नाही, तर तो त्यांच्यासाठी अस्तित्वातच नाही.

पण सांगायचं कसं, याला महत्त्व आहे. "जरा थकवा वाटतो" म्हणू नका. ओपीडीच्या गर्दीत हे वाक्य विरून जातं आणि "हो, वाटतो थोडे दिवस" यावर विषय संपतो. त्याऐवजी आकडा सांगा. ० म्हणजे थकवा अजिबात नाही आणि १० म्हणजे याहून जास्त कल्पनाच करवत नाही, असं धरून गेल्या आठवड्याचा सर्वसाधारण आकडा काढा. कॅन्सरच्या अनेक रुग्णालयांत हीच मोजणी वापरतात. ४ किंवा त्याहून वर आकडा असेल तर त्याची नीट कारणं शोधायची असतात. आणि आकड्याबरोबर तुम्ही मला लिहिलंत तेच सांगा: आंघोळीनंतर किती मिनिटं बसावं लागतं, केस पुसता येत नाहीत, एक ओळ तीनदा वाचावी लागते, सात महिन्यांत फरक पडलेला नाही. तुम्ही हिशेबाचं काम करता, तुम्हाला टिपून ठेवायची सवय असणार. दोन आठवडे एका वहीत रोज तीन वेळा आकडा आणि त्याआधी काय केलं हे लिहा, ती वहीच घेऊन जा. वेळ मात्र आजच मागून ठेवा. वही पूर्ण होईपर्यंत थांबायची गरज नाही.

मग काय तपासायला हवं, हे विचारा. हिमोग्लोबिन, लोहाचा साठा, बी १२, ड जीवनसत्त्व, थायरॉइड, साखर, मूत्रपिंड आणि यकृताच्या तपासण्या, हे साधारण पहिल्या फेरीत येतं. थायरॉइडकडे विशेष लक्ष द्यायला सांगा. तो मंद झाला की थकवा, थंडी वाजणं, बद्धकोष्ठता, लक्ष न लागणं असं सगळं होतं आणि गोळीने ते सुधारतं. केमोमध्ये डॉक्सोरुबिसिनसारखं औषध दिलं असेल किंवा ट्रॅस्टुझुमॅबची इंजेक्शनं झाली असतील, तर हृदयाची इको तपासणी कधी झाली, पुन्हा करायला हवी का, हेही विचारा. ही औषधं काही जणांच्या हृदयावर परिणाम करतात, आणि हृदय कमी ताकदीने काम करू लागलं की पहिली खूण अनेकदा थकवा हीच असते. तुम्हाला कोणती औषधं दिली हे डिस्चार्जच्या कागदांवर असेल. ते कागद सोबत ठेवा.

घेत असलेल्या सगळ्या गोळ्यांची यादी न्या. रक्तदाबाच्या, ॲलर्जीच्या, झोपेच्या आणि नसांच्या दुखण्यावरच्या काही गोळ्यांनी सुस्ती येते. कधी नुसती वेळ बदलून किंवा औषध बदलून फरक पडतो. हार्मोनच्या गोळीवर तुमचा संशय असेल, तर तोही बोलून दाखवा. पण ती गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका, एक दिवसाआडही करू नका. आजार परत येऊ नये म्हणून ती दिलेली आहे. त्रास होत असेल तर डॉक्टरांकडे दुसरे पर्याय असतात. तसंच ताकदीच्या म्हणून मिळणाऱ्या गोळ्या, पावडरी, वनस्पतींचे अर्क यांपैकी काहीही विचारल्याशिवाय सुरू करू नका. लोह कमी नसताना लोहाच्या गोळ्या घेतल्याने थकवा जात नाही, उलट अपाय होऊ शकतो, आणि काही वनस्पतीजन्य औषधं तर तुमच्या गोळीचाच परिणाम कमी करतात.

सगळ्या तपासण्या ठीक आल्या, तर निराश होऊ नका. तसं अनेकांचं होतं. त्याचा अर्थ थकवा खोटा, असा होत नाही. एका गोळीने जाईल असं कारण सापडलं नाही, एवढाच होतो. मग पुढचं काम दिनक्रमातून करायचं असतं.

बरा दिवस सांभाळा

तुमच्या पत्रात मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली गोष्ट तुम्ही जाता जाता लिहिली आहे. बरं वाटलं की सगळं उरकायचं आणि मग दोन दिवस पडून राहायचं. मोठ्या उपचारांतून उठलेली बहुतेक माणसं याच चक्रात अडकतात आणि त्यांना वाटतं, वाईट दिवस आपोआप येतात. ते आपोआप येत नाहीत, बऱ्या दिवशी केलेली दगदग ते ओढून आणते. शिवाय पडून राहिल्याच्या दोन दिवसांत स्नायू आणखी ढिले पडतात, म्हणजे पुढचा बरा दिवस आधीच्यापेक्षा थोड्या कमी ताकदीने सुरू होतो.

यातून सुटायचं तर मोजमाप बऱ्या दिवसावरून नाही, वाईट दिवसावरून ठरवायला हवं. वहीतून तुम्हाला कळेल, की अगदी पडेल दिवशीही तुम्ही काय करू शकता. समजा सलग दहा मिनिटं उभं राहता येतं. मग बऱ्या दिवशीही दहा-बारा मिनिटांनी बसायचं, काम अर्धं राहिलं तरी, दम लागलेला नसला तरी. थांबायचं कधी हे घड्याळाला ठरवू द्या. थकवा आल्यावर थांबलात तर उशीर झालेला असतो. हे ऐकायला सोपं आहे आणि करायला फार अवघड, कारण ज्या दिवशी अखेर जीवात जीव आल्यासारखा वाटतो, त्याच दिवशी हात आखडायचा असतो. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत तुम्हाला वाटेल, मी तर आधीपेक्षाही कमी करते आहे. वाटू द्या. त्या आठवड्यांत वाईट दिवस कमी झाले का, एवढंच पाहा. झाले असतील तर दहाची बारा मिनिटं, बाराची पंधरा, असं हळूहळू वाढवता येतं.

आंघोळीचंच घ्या. निरोगी माणसाला ते काम वाटतच नाही. पण त्यात उभं राहणं आहे, वाकणं आहे, हात डोक्याच्या वर धरणं आहे, गरम पाणी आहे, आणि सगळं एकापाठोपाठ एक आहे. गरम पाण्याने कातडीकडचा रक्तप्रवाह वाढतो, त्यामुळे आधीच अशक्त माणसाला आणखी गळून गेल्यासारखं वाटतं. म्हणून न घसरणाऱ्या स्टुलावर बसून आंघोळ करा, पाणी कोमट घ्या. केस धुण्याचा दिवस वेगळा ठेवा आणि तो ऑफिसच्या दिवशी नको. आंघोळ झाल्यावर अंग पुसत उभं राहण्याऐवजी पाणी शोषणारा गाऊन अंगावर घ्या आणि बसा. केसांभोवती टॉवेल गुंडाळून सोडून द्या, पुसायला हवेत असं काही नाही. शक्य असेल तर सकाळची आंघोळ संध्याकाळवर न्या, म्हणजे सकाळची शिल्लक ताकद ऑफिससाठी राहील. स्टुलावर बसून आंघोळ करणं म्हणजे म्हातारपण आलं, असं कृपा करून मनात आणू नका. वाचवलेली ती ताकद तुमची आहे.

याच पद्धतीने दिवसातलं प्रत्येक काम तपासा. हे आजच हवं का, मीच करायला हवं का, बसून होईल का, दोन भागांत होईल का? आणि एक आग्रहाने सांगते: उरलेली सगळी ताकद कर्तव्यांवर उधळू नका. आठवड्यात एक तरी गोष्ट निव्वळ तुमच्या आवडीची असू द्या आणि तिच्यासाठी दुसरं एखादं काम खुशाल सोडा. ज्या आयुष्यासाठी एवढे उपचार सोसले, त्यात आवडीचं काहीच उरलं नाही तर मन खचतं, आणि मन खचलं की थकवा दुणावतो.

बाहेर पडण्याबद्दल

तुमच्या नवऱ्याचे शब्द चुकले, पण हालचालीबद्दल तो म्हणतो त्यात तथ्य आहे. कॅन्सरनंतरच्या थकव्यावर ज्या उपायांना भक्कम पुरावा आहे, त्यांत व्यायाम सर्वांत पुढे आहे. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनच्या मार्गदर्शक शिफारशींत थकव्यासाठी आठवड्यातून तीनदा, प्रत्येक वेळी ३० मिनिटं, मध्यम जोराचा व्यायाम किमान १२ आठवडे सांगितला आहे. मध्यम जोर म्हणजे चालताना बोलता येईल, पण गाणं म्हणता येणार नाही, इतका.

तीस मिनिटांचा आकडा वाचून घाबरू नका. ते पोहोचायचं ठिकाण आहे. तुमची सुरुवात पाच मिनिटांची असू शकते, घरातल्या घरात असू शकते. आठवडाभर पाच मिनिटं नीट झेपली तर मिनिटभर वाढवा. वाईट दिवशी पूर्ण बंद करू नका, दोन मिनिटं चाला. बऱ्या दिवशी दुप्पट करू नका. हृदयाचा प्रश्न नाही ना, हिमोग्लोबिन फार उतरलेलं नाही ना, हे डॉक्टरांकडून कळल्यावरच वाढवायला लागा. चालण्याबरोबर स्नायूंसाठीही थोडं करायला हवं: खुर्चीतून हात न टेकता उठणं-बसणं, भिंतीला तळवे टेकून ढकलणं. ऑपरेशनच्या वेळी काखेतल्या गाठी काढल्या असतील, तर "त्या हाताला जपा, काही उचलू नका" असं तुम्हाला कोणीतरी सांगितलेलं असणार. हात कायमचा झाकून ठेवायचा, असा त्याचा अर्थ नाही. हळूहळू वाढवत नेलेला, देखरेखीखालचा ताकदीचा व्यायाम बहुतेक जणींना चालतो. तो फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्या, आणि हात जड वाटू लागला, बांगडी किंवा बाही घट्ट होऊ लागली तर लगेच दाखवा.

एक अपवाद लक्षात ठेवा. अगदी थोडं चालूनही दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कोसळल्यासारखं होत असेल, ताप आल्यासारखं अंग मोडून येत असेल, आणि मर्यादा पाळूनही हे वारंवार होत असेल, तर वाढवत नेऊ नका. असा त्रास काही जणांना विषाणूजन्य आजारांनंतर होतो आणि त्यात व्यायाम रेटल्याने नुकसान होतं. डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगा.

दुपारची झोप अर्ध्या तासाच्या आत आणि तीनच्या आधी आटोपा, सकाळी उठायची वेळ रोज एकच ठेवा. घामाने जाग येत असेल तर तेही तक्रारींच्या यादीत लिहा, त्यावर औषधं आहेत. झोपच लागत नसेल तर निद्रानाशासाठी खास समुपदेशन असतं आणि दीर्घकाळासाठी ते झोपेच्या गोळ्यांपेक्षा बरं. खाण्यात प्रथिनं पुरेशी जातात का, हे एकदा आहारतज्ज्ञांना विचारा; झडलेले स्नायू त्यांच्याशिवाय भरून येत नाहीत.

ऑफिस

एक ओळ तीनदा वाचावी लागणं हेही याच दुखण्याचं अंग आहे. केमोनंतर लक्ष, स्मरण आणि एकाच वेळी दोन गोष्टी सांभाळणं मंदावतं आणि बहुतेकांचं ते काही महिन्यांत सुधारत जातं. तोवर अवघड आकडेमोड तुमच्या सर्वांत ताज्या तासात करा, उरलेल्या वेळात साधी नोंदणी. एका वेळी एकच फाइल उघडी ठेवा. शेवटची पडताळणी त्याच दिवशी न करता दुसऱ्या दिवशी सकाळी करा, किंवा सहकाऱ्याला एक नजर टाकायला सांगा. वरिष्ठांशी बोलताना "मला त्रास होतो" एवढंच सांगितलंत तर त्यांना काय करायचं ते कळणार नाही. नेमकं मागा: तीन महिने अर्धा दिवस, आठवड्यात दोन दिवस घरून, महिनाअखेरच्या कामात एक जोडीदार. डॉक्टरांचं पत्र जोडा. मागण्याला मुदत असली की होकार मिळणं सोपं जातं.

तुमचं पत्र कॅन्सरचं आहे, पण हे उत्तर बायपास झालेले, अवयव किंवा अस्थिमज्जा प्रत्यारोपण झालेले, आयसीयूतून परतलेले वाचकही वाचत असतील. त्यांच्या तपासण्या आणि व्यायामाचे नियम वेगळे असतील. छातीचं हाड जुळायलाच दोन-तीन महिने जातात, आणि आयसीयूत तर पहिल्या दहा दिवसांतच मांडीचा स्नायू बराच झडतो. पण बऱ्या दिवशी हात आखडता घेणं आणि डॉक्टरांना आकड्यांत सांगणं हे त्यांनाही तितकंच लागू आहे.

वाट न पाहण्याच्या गोष्टी

बसल्या जागी धाप लागणं, छातीत दुखणं, एकाच पायाला सूज येऊन तो दुखणं, चक्कर येऊन पडणं, थंडी वाजून ताप, कुठूनही रक्त जाणं, अचानक बोलण्यात किंवा वागण्यात गोंधळ, यांतलं काहीही झालं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. नवी गाठ, न थांबणारं हाडाचं दुखणं, कारणाशिवाय उतरणारं वजन, आठवडेच्या आठवडे टिकणारा खोकला किंवा डोकेदुखी असेल तर काही दिवसांत दाखवा.

आणि मनाचंही विचारते. दोन आठवड्यांहून जास्त काळ कशातच रस वाटत नाही, रडू येतं, स्वतःचा तिरस्कार वाटतो, असं आहे का? नैराश्य थकव्यासारखं दिसतं आणि थकव्याबरोबर येतंही. ते उपचाराने बरं होतं. कॅन्सर झालेल्या माणसाने सतत आनंदी, कृतज्ञ असायला हवं, हा एक क्रूर आग्रह आपल्या भोवती असतो. तुमचं पूर्वीचं शरीर, पूर्वीचा उरक गेला, त्याचं दुःख होणारच. ते बोलायला समुपदेशक किंवा याच वाटेने गेलेल्या बायकांचा एखादा गट मिळाला तर पाहा. जगणंच नको असा विचार कधी डोकावला, तर त्याच क्षणी घरातल्या माणसाला सांगा आणि तातडीने डॉक्टरांकडे जा.

हे तुमच्या यजमानांना वाचायला द्या

तुम्ही बायकोला "मनावर घे" म्हणालात, कारण तुम्हाला ती पूर्वीसारखी हवी आहे. दीड वर्ष तुम्हीही भीतीत काढलंत. रिपोर्ट चांगला आल्यावर तुम्हाला वाटलं, संपलं एकदाचं, आणि ती पडून राहिलेली दिसली की ती भीती परत वर येते. हे मला समजतं. पण ती प्रयत्न करत नाही असं नाही. ती झेपेल त्याहून जास्त प्रयत्न करते आणि म्हणून आडवी होते. तिला बाहेर काढायचं असेल तर "चल, पाच मिनिटं चालून येऊ" म्हणा, सोबत निघा आणि पाच मिनिटांनी तुम्हीच परत वळा. काय मदत करू, असं विचारू नका, कारण उत्तर शोधायचं कामही तिच्यावरच पडतं. तीन कामं स्वतःकडे घ्या आणि ती कायमची तुमची आहेत असं सांगा. केमोच्या काळात मदत करणारे नातेवाईक आता येईनासे झाले असतील. त्यांतल्या दोघांना तुम्हीच फोन करून सांगा, की अजून सहा महिने गरज आहे.

तिची वही रोज बघत बसू नका, तिला ते परीक्षेसारखं वाटेल. पण डॉक्टरांकडे सोबत जा. डॉक्टर विचारतील, "कसं आहे?" आणि ती सवयीने "ठीक आहे" म्हणेल. तेव्हा वही टेबलावर ठेवा आणि तिला पहिल्या पानापासून वाचू द्या.